कांताच्या नावापुढचा शेरा

धानोरा तालुका,
२५ नोव्हेंबर २०२४

बाबा,

तुम्ही शिकवलेला लांबलचक मायना आठवतो, पण कागद एकच आहे आणि सांगायचं पुष्कळ, म्हणून थेट सुरुवात करते. मी सुखरूप पोचले. फोन लागत नाही म्हणून घाबरू नका, इथे कुणाचाच लागत नाही. शाळेमागच्या टेकडीवर मोहाचं झाड आहे, त्याच्या उजव्या बाजूला उभं राहिलं की रेंजची एक काडी येते. डाव्या बाजूला तीही नाही. म्हणून पत्र लिहिते. अठ्ठावीस वर्षं लोकांची पत्रं वाटणाऱ्या माणसाला त्याच्या पोरीचं पत्र यावं, हेही बरंच झालं ना?

सोबत चिमूरची रिना आहे. शाळेची एक खोली दिली आहे आम्हा दोघींना. सकाळी सात वाजता निघतो, चार-पाच टोले, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्त्या, फिरतो. संस्थेनं टॅब दिला आहे, त्यात मागच्या पंचवीस वर्षांच्या सगळ्या जुन्या कागदी याद्या एकत्र करून भरल्या आहेत. घरात गेलं की यादीतलं नाव शोधायचं, तो माणूस समोर आहे का पाहायचं, आणि विचारायचं: बँकेत खातं आहे का, नसेल तर का नाही, बँक किती लांब, बचत कुठे ठेवता. ज्यांच्यापर्यंत बँक कधी पोचलीच नाही, त्यांची ही मोजदाद. कुणाला काय हवं हेच माहीत नसेल तर पोचवणार कुणाला?

पण टॅबला आमच्या लोकांची उत्तरं कळत नाहीत. काल इसरू नावाच्या म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, अचानक दहा हजार लागले तर कुठून आणाल?" तो म्हणाला, "जंगलातून." आता टॅबमध्ये पर्याय चारच: बँक, बचत गट, नातेवाईक, सावकार. मी म्हटलं, यातलं कोणतं? त्यानं विचार केला आणि म्हणाला, "जंगल नातेवाईकच होय ना व." मी 'नातेवाईक'वर टिक केलं. चुकलं का?

गावच्या मंडईच्या जत्रेला यंदा मी नाही, वाईट वाटलं. घरोघरच्या लेकी आल्या असतील. आईला सांगा, माझ्या वाटणीचे अनारसे डब्यात ठेव.

तुमची,
चंचल

•

चेक आंबेसरी, ता. पोंभुर्णा,
४ डिसेंबर २०२४

चि. चंचल,

तुझं पत्र थैलीतून मीच काढलं. स्वतःचं नाव वाचून आधी वाटलं, आपल्या गावात दुसरा कोण लटारू गुरनुले आला. मग तुझं अक्षर दिसलं. आईला वाचून दाखवलं, मग शेजारच्यांना, मग परत आईला. अक्षर जरा घाईचं आहे. वेलांट्या वाऱ्यावर सोडल्यासारख्या काढतेस, त्या नीट काढ.

इसरू आजोबांचं तू बरोबर लिहिलंस. मलाही हल्ली पोस्टातून मशीन दिलं आहे, लोकांचा अंगठा लावून घरपोच पैसे द्यायचे. पण कापसाच्या हंगामात बायांच्या अंगठ्यावरच्या रेघा झिजलेल्या असतात, मशीन ओळखत नाही. मी म्हणतो, मावशी, थोडं तेल लावा, बसा, पाणी प्या, मग लावू. माणूस बसला की सांगतो. तूही कुणाच्या घरी उभ्यानं प्रश्न विचारत जाऊ नकोस. आधी बसायचं, त्यांच्या घरचं पाणी प्यायचं, मग टॅब काढायचा.

मंडई झाली. नाटक बरं होतं, नायिका नागपूरची आणली होती, रडली छान. आपल्या घरी दहा-बारा पाहुणे होते. तू नव्हतीस.

एक विचारायचं होतं. तुझ्या यादीत येरंगटोला आहे का? त्या बाजूचा रस्ता वाईट आहे असं ऐकतो, नाल्यावर पूल नाही. ते गाव असेल तर दुसऱ्या कुणाला दे. उगाच धोका कशाला पत्करायचा.

तब्येत जप. उकळलेलं पाणी पी.

तुझे बाबा

•

धानोरा तालुका,
१९ डिसेंबर २०२४

बाबा,

तुमचं पत्र मिळालं त्याच्या दोन दिवस आधीच मी येरंगटोल्याला जाऊन आले होते. रस्ता इतका वाईट नाही. नाल्यावर पूल आहे, सहा वर्षं झाली त्याला.

आता जे लिहिते ते शांतपणे वाचा. आईसमोर मोठ्यानं वाचू नका.

टोल्यात सतरा घरं. सगळे गोंडीत बोलतात, मी मोडकंतोडकं समजते. शेवटच्या घरी एक बाई कोंबड्यांना कणी टाकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चक्क आपल्या बोलीत म्हणाली, "ये व माय, बस. पाणी देतो." मी बसले. गळ्यातलं ओळखपत्र पुढे आलं होतं. तिनं ते हातात धरून वाचलं: चंचल लटारू गुरनुले. वाचताना तिचे ओठ हलत होते. मग म्हणाली, "लटारू पोस्टमनची पोरगी का व तू? आंबेसरीचा लटारू?"

मी हो म्हटलं. ती खाली बसली. हातातली कणी सांडली, कोंबड्या तिच्या पायाशी आल्या, तिचं लक्ष नव्हतं.

बाबा, माझ्या जन्माआधी कांताआत्या तापानं वारली असं तुम्ही मला सांगितलं होतं. आजीनं सांगितलं होतं, आईनं सांगितलं होतं. मी शाळेत असताना माझी एकही आत्या नाही म्हणून रडले होते, तेव्हा तुम्ही मला चॉकलेट आणून दिलं होतं. ती आत्या मला परवा चहा करून देत होती आणि तिच्या कपाळावर तुमच्यासारखीच उभी आठी होती.

मला राग आला आहे. पण तो नंतर. आधी कामाचं.

मी टॅबमध्ये तिचं नाव टाकलं. दहावीच्या दाखल्यावरची जन्मतारीख टाकली. लाल अक्षरात ओळ आली: 'ही व्यक्ती मयत आहे. पुढील घर निवडा.' मी तीनदा करून पाहिलं. ती समोर बसून सुपारी कातरत होती आणि टॅब म्हणत होता, पुढच्या घरी जा.

तिला हे माहीत होतं. ती हसली. "बँकेतल्या पोरानं पण असंच सांगतलं. म्हणे बाई, तुमचं खातं नाई उघडत, तुम्ही मेल्या आहा."

आता घाई अशी आहे. इथून बँक बावीस किलोमीटर. बाया जातात तर पूर्ण दिवस जातो. म्हणून या चार टोल्यांसाठी एक बँक सखी नेमणार आहेत. तिच्याकडे मशीन राहील, पैसे काढणं, टाकणं सगळं तिच्या ओसरीत होईल. बचत गटाच्या बायांनी एकमतानं आत्याचं नाव दिलं आहे, कारण इथे दहावी झालेली ती एकटीच. पण तिचं स्वतःचं खातं आणि साफ कागद हवेत. मुदत एकतीस मार्चपर्यंत. नाहीतर ते काम रस्त्यावरच्या गावातल्या दुकानदाराला जाईल आणि बायांना परत एवढी पायपीट करावी लागेल.

नोंद आपल्या गावच्या यादीतून आलेली आहे, असं टॅब दाखवतो. कुण्यातरी आळशी सर्वेअरनं घरात बसून यादी भरली असणार, दुसरं काय? तुम्ही पोंभुर्ण्याला जाऊन तेवढं दुरुस्त करून घ्या. तुम्हाला तिथे सगळे ओळखतात.

तिनं विचारलं, आई कशी आहे? आजी जाऊन आठ वर्षं झाली हे माझ्या तोंडून निघेना. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "असू दे. समजलं."

चंचल

•

चेक आंबेसरी,
२ जानेवारी २०२५

चि. चंचल,

पत्र पोचलं.

तुझा राग बरोबर आहे. खरं काय ते लिहितो.

कांता माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिला अक्षर मी गिरवायला शिकवलं, ओसरीच्या भुईवर, कोळशानं. ती वीस वर्षांची होती तेव्हा आपल्या जंगलात बांबूच्या कामावर धानोऱ्याकडचे मजूर आले होते. त्यात बुधू होता. ती त्याच्याबरोबर गेली. तुझ्या आजोबांनी, रामाजींनी, तीन दिवस कुणाशी शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी आम्हा सगळ्यांना नदीवर नेलं आणि तिच्या नावानं आंघोळ करायला लावली. माणूस गेल्यावर करतात तशी. घरी येऊन चूल पेटवली नाही. त्यानंतर तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. तू जन्मलीस तेव्हा तुला तेच सांगितलं गेलं. मी अडवलं नाही.

दुरुस्तीचं पाहतो.

तिचे केस पिकले का? दात बरे आहेत का? उजव्या पायाच्या घोट्याला लहानपणी विळा लागला होता, चालताना त्रास होतो का? तिला पोरंबाळं किती? बुधू तिला नीट वागवतो का? ती अजून गाणं म्हणते का? घर कौलारू आहे की पत्र्याचं? पावसात गळतं का? तिला थंडी फार सोसत नसे.

मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

तुझे बाबा

•

धानोरा तालुका,
१४ जानेवारी २०२५

बाबा,

मी सांगितलं. तुम्ही विचारलंय म्हणून सांगितलं, आणि एकेक प्रश्न वाचून दाखवला.

केस अर्धे पिकलेत. दात बरे आहेत, एक दाढ नाही. घोटा पावसाळ्यात दुखतो. एक मुलगी, करिश्मा, गडचिरोलीला नर्सिंग शिकते. एक मुलगा झाला होता, तो राहिला नाही. बुधूमामा कमी बोलतात, पण आत्याला विचारल्याशिवाय शेळीही विकत नाहीत. गाणं भात रोवताना म्हणते, गोंडीतलं. घर कौलांचं आहे, गळत नाही, मामा दरवर्षी कौलं चाळतात. थंडी अजून सोसत नाही.

गळतं का हा प्रश्न ऐकून ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात बिस्किटांचा जुना डबा होता. त्यात अकरा अंतर्देशीय पत्रं. सगळी चिकटवलेली, एकही उघडलेलं नाही. वर आजोबांचं नाव, आपल्या गावचा पत्ता, तिच्या अक्षरात. आणि प्रत्येकावर आडवं, लाल शाईत, तुमच्या अक्षरात: 'घेण्यास नकार. पाठविणाऱ्यास परत.' खाली तारीख आणि तुमची सही.

मी म्हटलं, आत्या, पहिलं परत आलं तेव्हाच थांबायचं ना. अकरा कशाला पाठवली?

ती म्हणाली, "पहिलं परत आलं तवा रडलो. मंग पाहिलं तं त्याच्यावर भाऊचं अक्षर. तारीख पण. म्हणलं, म्हणजे भाऊ बरा आहे, नोकरी चालू आहे. मंग दर दोन-तीन महिन्यानं एक टाकत जाय. बाबा घेणार नाई हे ठावं होतं. परत येईन तं भाऊचं अक्षर येईन, म्हून टाको."

बारावं पत्र परत आलं त्यावर दुसऱ्याच कुणाचं अक्षर होतं. ते तिनं ठेवलं नाही. त्यानंतर तिनं पाठवणं बंद केलं. तिला वाटलं तुमची बदली झाली, नाहीतर काही बरंवाईट झालं. कुणाला विचारणार होती ती?

बाबा, तुम्ही पत्र हातात घेऊन दारापर्यंत जात होता. एक तरी उघडून वाचावं असं तुम्हाला वाटलं नाही? पोंभुर्ण्याला जाऊन आलात का? त्याबद्दल काहीच लिहिलं नाही तुम्ही.

चंचल

•

धानोरा तालुका,
१० फेब्रुवारी २०२५

बाबा,

तुमचं उत्तर नाही. चार आठवडे वाट पाहिली. इथला टपालवाला मला लांबूनच हात हलवून 'नाई' सांगतो.

मी नागपूरच्या कार्यालयात अर्ज केला होता की आत्याच्या या नोंदीचा मूळ कागद पाहायला मिळावा. याद्या संगणकावर चढवताना त्यांनी प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवला आहे. शनिवारी धानोऱ्याला बाजारात रेंजमध्ये आले तेव्हा तो फोटो टॅबवर उतरला. मी तो तिथे उघडला नाही. वाटलं, आत्याच्या समोर उघडू, कुणी चूक केली ते दोघी मिळून बघू, हसू.

दोघींनी मिळून पाहिला.

कुटुंबप्रमुख रामाजी गुरनुले. शिधापत्रिकेवर नावं पाच. पाचवं नाव कांता. कमी होण्याचं कारण, या रकान्यात 'मयत'. ते अक्षर मला ओळखायला वेळ लागला नाही. त्याच्या अकरा प्रती मी महिन्यापूर्वी हातात घेतल्या होत्या.

मी टॅब बंद करायला गेले, तर तिनं हात धरला. तिला नीट दिसलं नव्हतं. तिनं काचेवर बोट ठेवलं, तशी अक्षरं मोठी झाली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "हात थरथरला दिसते भाऊचा. असं वाकडं नाई लिवत तो."

एवढंच. मग शेळ्या आणायला गेली. मी तिच्या ओसरीत बसून राहिले. मला तुमची लाज वाटली, बाबा. मग तुम्हाला हे लिहायची लाज वाटली. तरी लिहिते.

मुदतीला आता सात आठवडे उरलेत.

चंचल

•

चेक आंबेसरी,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. चंचल,

हो, ते मी लिहिलं.

तू जन्मायच्या आधीच्या त्या सर्व्हेला जे गुरुजी आले होते ते नवीन होते, गावातली घरं त्यांना माहीत नव्हती. माझं अक्षर चांगलं म्हणून मी त्यांच्यासोबत फिरून फॉर्म भरून देत होतो. पूर्ण गावाचे भरले. आपल्या घराचा शेवटी. शिधापत्रिकेवर कांताचं नाव तसंच होतं, कारण तुझ्या आजीनं ते कधी कमी करू दिलं नाही. दरवेळी म्हणायची, राहू दे, साखरेपुरतं तरी राहू दे. गुरुजींनी विचारलं, नावं पाच आणि माणसं चार, पाचवी कुठे? कारणं दोनच होती. लग्न लिहिलं तर पुढे नवऱ्याचं नाव आणि गाव लिहायचं. मयत लिहिलं तर पुढे काही विचारत नव्हते.

नवऱ्याचं नाव आणि गाव मला पाठ होतं. अकरा वेळा वाचलं होतं, पत्राच्या मागच्या बाजूला. पण तुझे आजोबा बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "पोरीच्या नावानं आंघोळ झाली आपली. ते लिव." गुरुजी पेन घेऊन थांबले होते. मी त्यांच्या हातून कागद घेतला आणि लिहिलं. तुझी आजी दारात उभी होती. ती आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही.

मला वाटलं, कागद आहे. बांधतील, तालुक्याला जाईल, कपाटात पडेल, वाळवी खाईल. असे किती गठ्ठे मी पाहिले आहेत. एक दिवस कुणीतरी त्याचा फोटो काढून त्यावरून तिचं खातं अडवेल, हे माझ्या डोक्यात कुठून यावं? ही सबब नाही. कागदावर राहिलं असतं तरी ते तितकंच वाईट होतं, एवढं मला आता कळतं.

पत्रांचं विचारलंस. दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडायचं नाही, ही माझी नोकरी. तुझे आजोबा नको म्हणायचे, मी शेरा मारायचो. अकरावं पत्र आलं त्या दिवशी मी ते दोन तास थैलीत घेऊन फिरलो, घरी जाईना. दुसऱ्या दिवशी आपल्या गावचा बटवडा शेजारच्या टपालवाल्याला दिला आणि त्याची तीन गावं मी घेतली. रोज नऊ किलोमीटर सायकल जास्त चालवली, पण तिला परत पाठवायचं काम माझ्या हातून सुटलं. मला वाटलं मी सुटलो. तिकडे ती माझं अक्षर शोधत होती, हे तुझ्या पत्रातून आत्ता कळलं. चार आठवडे मी उत्तर का दिलं नाही ते समजून घे.

काल पोंभुर्ण्याला जाऊन आलो. अर्ज दिला. त्यात एक प्रश्न होता: मृत्यूची खोटी माहिती कुणी दिली? मी लिहिलं, मी दिली. कारकून म्हणाला, "गुरनुलेभाऊ, विचार करा, तुमच्यावर कारवाई होऊ शकते, तुमची नोकरी आहे." मी म्हटलं, विचार करायला बावीस-तेवीस वर्षं होती.

तिला स्वतः हजर व्हावं लागेल आणि मी तिला समोर ओळखायचं आहे. सोमवार, १७ मार्चची तारीख दिली आहे. तिला विचार, ती येईल का. तिला वेगळं पत्र लिहायला तीनदा बसलो. तिचं नाव लिहून होतं, पुढे काही येत नाही. रोज वाटतं, उद्या जमेल. रोज तिची आठवण येते, हे मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा

•

येरंगटोला,
५ मार्च २०२५

भाऊ,

चंचल म्हणे तुले मले पत्र लिहिता नाई आलं. मले येते. मी आधी पण लिहिलीच होती.

मयत लिहिलं त्याचा राग आला. खोटं काऊन बोलू. दोन दिवस भात गेला नाई. हे म्हणाले, नको जाऊ, काम गेलं तं गेलं. पण या टोल्यातल्या बाया म्हणतेत, तुह्याच ओसरीत मशीन पाह्यजे. बुधरी सत्तर वर्षांची आहे, तिले पेन्शनसाठी दूरवर पायी जावं लागते. मले ते काम पाह्यजे भाऊ. आतापर्यंत मी कोणाजवळ काई मांगतलं नाई, हे मांगून राह्यली.

सतरा तारखेले येतो. कागदासाठी येतो. घरी नाई येणार. आंघोळ झालेली बाई घरी कशी येईन, तूच सांग.

तू डोक्यावर टोपी घालत जाय तशीच घालून येजो. नाई तं मले ओळखू नाई येणार.

कांता

•

चेक आंबेसरी,
१८ मार्च २०२५

चि. चंचल,

काम झालं. सविस्तर लिहितो, कारण आईला मी नीट सांगू शकलो नाही.

मी नऊ वाजताच जाऊन बसलो होतो. कचेरीच्या फाटकातून येणारी प्रत्येक बाई पाहत होतो. साडेदहापर्यंत तीन वेळा उठून उभा राहिलो, तीनही वेळा दुसरीच कुणी होती. मग मागून आवाज आला, "उभा काऊन आहेस? बस ना." ती दुसऱ्या फाटकानं आली होती आणि केव्हाची माझ्या मागच्या बाकावर बसून होती. किती वेळ, ते तिनं सांगितलं नाही.

म्हातारी झाली गं ती. माझ्या डोळ्यांसमोर वीस वर्षांची होती.

आत साहेबांनी विचारलं, यांना ओळखता? मी हो म्हटलं. कोण? मी म्हटलं, कांता, माझी धाकटी बहीण. लग्नानंतरचं पूर्ण नाव? मी म्हटलं, कांता बुधू नैताम, राहणार येरंगटोला. त्याचं नाव मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. काही झालं नाही. छत कोसळलं नाही. सत्तावीस वर्षं मी कशाला भीत होतो कोण जाणे.

साहेबांनी संगणकावर शेरा बदलला. स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. मयत गेलं, हयात आलं. तिनं मान हलवली.

मग साहेब तिला म्हणाले, "बाई, यांनी तुमच्याबद्दल खोटी माहिती दिली हे त्यांनी स्वतः कबूल केलं आहे. तुमची यांच्याविरुद्ध काही तक्रार असेल तर आत्ता नोंदवा. नसेल तर 'नाही' लिहून प्रकरण बंद करू."

ती म्हणाली, "आहे."

मी मान खाली घातली. नोकरी गेली तरी चालेल असं घरून ठरवून निघालो होतो. कारकुनानं पेन उघडलं.

ती म्हणाली, "लिवा. सत्तावीस वर्षं झाले, माहा भाऊ माह्या घरी एकदाबी आला नाई."

कारकून म्हणाला, बाई, अशा तक्रारीला यात रकाना नाही. ती म्हणाली, "मंग खाली कोरी जागा आहे ना, तिथी लिवा." कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, लिहा. त्यानं शब्दन् शब्द लिहिलं. तिनं सही केली. मला वाचून दाखवलं, म्हणून खाली मीही केली. साहेब म्हणाले, या तक्रारीवर आमच्याकडून काही कारवाई होण्यासारखी नाही. आणि फाइल बंद केली.

बाहेर आलो. किती बोलायचं होतं. तुझी आजी शेवटी तिचंच नाव घेत होती, ते सांगायचं होतं. मी विचारलं, "मूलला जाणारी गाडी किती वाजता आहे?" ती म्हणाली, तीन. मग आम्ही तीनपर्यंत बाकावर बसलो. तिनं पिशवीतून चारोळ्यांची पुडी काढून माझ्या हातात दिली, म्हणाली वहिनीले देजो. गाडी आली. तिनं खिडकीजवळची जागा धरली, पण बाहेर पाहिलं नाही. मी पाहत होतो.

घरी येऊन पुडी तुझ्या आईला दिली. ती म्हणाली, एवढ्या लांबून आली आणि तुम्ही तिला तशीच जाऊ दिली? रात्री जेवलो नाही, पहाटे उठून हे लिहितो आहे. दुसरं पत्रही आजच लिहीन.

बाबा

•

चेक आंबेसरी,
१८ मार्च २०२५

कांता,

तुझी तक्रार खरी आहे आणि मला ती मान्य आहे.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी पहिल्या गाडीनं निघतो. सोबत तुझी वहिनी आहे. मुक्कामाला येतो, सोमवारशिवाय निघणार नाही. बुधूला सांगून ठेव.

घर दाखवायला नाल्यापर्यंत कुणाला पाठवू नकोस. चंचललाही नको. मी विचारत विचारत येतो. वाटेत लोक विचारतील, भाऊ, कोणाकडे चाललात? बहिणीकडे, असं मला सांगायचं आहे.

लटारू